आधी मवाळ, मग तापट

सरांविषयी लिहिणार असाल तर चांगलं लिहा, असं आमच्या हिनं बजावलं आहे. प्रयत्न करतो. पण आधीच सांगून ठेवतो, या माणसाचा मी इतकी वर्षं मनापासून हेवा केला आहे आणि अजूनही करतो. चांगलं लिहिता लिहिता कुठे घसरलो तर सांभाळून घ्यावं.

सर म्हणजे भोरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे ते. मी त्याच कॉलेजात कॉमर्सला शिकवतो. राहायला एकाच इमारतीत. ते तळमजल्यावर, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. गाव त्यांचं वरवे बुद्रुक, घरची शेती, लग्न केलेलं नाही. पीएचडी झाली तरी बोलणं गावाकडचं ते गावाकडचंच ठेवलं. "आमलात पानी न्हाई वतायचं, पान्यात आमल वतायचं, न्हाईतर थोबाड भाजंल," असं वर्गात सांगायचे. त्यांचे जुने विद्यार्थी एसटीत भेटले तरी हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवतात. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यातलं एकही वाक्य अजून कोणी मला म्हणून दाखवलेलं नाही.

पण हेव्याचं खरं कारण ते नव्हे. खरं कारण त्यांच्या बाहेरच्या खोलीत होतं.

त्या खोलीत सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीला लागून काचेची लांबलचक टाकी आणि तिच्यासमोर एक सतरंजी. टाकीत पाणी समुद्राचं. म्हणजे समुद्रातून आणलेलं नव्हे. भोरहून वरंधा घाट उतरून समुद्र गाठायचा तर दिवस जातो. सर फिल्टरच्या पाण्यात पुण्याहून आणलेलं खास मीठ कालवून घरच्या घरी समुद्र तयार करत. त्यात जिवंत पोवळी, आणि पोवळ्यांमधून फिरणारे मासे, सगळे एकाच कुळातले. त्या कुळाला रॅस म्हणतात. बोटाएवढा जीव, पण अंगावरचे रंग असे की लग्नाच्या बस्त्यातल्या साड्या फिक्या पडाव्यात. जेजुरीला जाता-येता भोरात थांबणारे सरांचे नातेवाईकसुद्धा आधी टाकीला भेटायचे, मग सरांना.

भोरात वीज जाते तेव्हा सांगून जात नाही. सरांकडे इन्व्हर्टर होता, पण तो माशांचा. वीज गेली की टाकीतले पंप चालू, पंखा बंद, आणि सर सतरंजीवर वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले. मी एकदा म्हटलं, "सर, त्यावर आपला एक पंखा तरी जोडा."

"आपल्याला पाय हायती," सर म्हणाले. "लई उकडलं तर उठून दारात जाऊ. त्यांनी कुठं जायाचं?"

त्यांचं बोलणं नेहमी असंच असायचं. ऐकताना राग यायचा आणि घरी गेल्यावर पटायचं, त्यामुळे राग दुप्पट व्हायचा.

मासा विकत घेण्याची त्यांची पद्धत तर साऱ्या पुण्यात कोणाची नसेल. रविवारी सकाळच्या एसटीनं पुण्याला जायचे. दुकानात गेले की स्टूल मागून घ्यायचे आणि एका टाकीसमोर ठाण मांडायचे. कोण कोणाच्या मागे लागतो, खाणं टाकलं की कोण पुढे येतो, कोण दगडांमधून काहीतरी टिपत आपल्या नादात फिरतो, हे दुपारपर्यंत बघत बसायचे. मग उठायचे आणि म्हणायचे, "बराय. पुढच्या रविवारी परत बगू." मुलगी बघायला आलेल्या मंडळींनीसुद्धा इतका छळ केला नसता. दुकानदार आधी चिडायचा, मग त्यानं स्टूलच त्या कोपऱ्यात कायमचं ठेवून दिलं.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. येताना सरांच्या मांडीवर थर्मोकोलचा खोका, त्यात पाण्याची पिशवी, पिशवीत एक पिवळा रॅस. कंडक्टर म्हणाला, "खोका वर ठेवा की, सर."

"वर तापतंय," सर म्हणाले. "आनि तुमी खड्ड्यात गाडी घातली तर त्याला कळतं."

कंडक्टरनं ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "सायब, सावकाश घ्या, सरांकडं पेशंट हाय!" आणि ड्रायव्हरनं भोरपर्यंत खरोखर गाडी सावकाश आणली. मला एसटीत बसायला जागा मिळाली तरी मी स्वतःला नशीबवान समजतो.

रॅस पाळण्यातली खरी अडचण अशी की ते एकमेकांशी जुळवून घेतीलच असं नाही. दिसायला गोंडस, पण एकाच ठेवणीचे, एकाच रंगाचे दोन आले की भांडण. एकाच जातीचे दोन नर तर चालतच नाहीत. मासा घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळी. काहींना झोपायला वाळू लागते, दिवे मालवले की ते वाळूत बुडी घेऊन दिसेनासे होतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कोण आधी आला. जो आधी येतो तो टाकी आपली समजतो. म्हणून सरांचा नियम होता, आधी मवाळ, मग तापट. भित्रे, लाजरे मासे पहिल्यांदा सोडायचे, त्यांनी आपापले कोपरे धरले की मग जरा दांडगे, आणि सगळ्यात भांडकुदळ तो अगदी शेवटी. नवीन मासा आला की त्याला थेट सोडायचा नाही. आधी भोकाभोकांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून तो डबाच टाकीत टांगायचा. आतल्यानं बाहेरच्यांना बघायचं, बाहेरच्यांनी आतल्याला. कोणी डब्यावर धडका मारेनासं झालं की डबा उघडायचा.

हे माशांपुरतं राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं.

आम्ही त्या इमारतीत राहायला आलो त्या संध्याकाळी पेढे घेऊन सरांकडे गेलो. बाहेर लोखंडी ग्रिलचं दार. सरांनी आतून हसून नमस्कार केला, पण दार उघडलं नाही. ग्रिलच्या खालच्या रुंद फटीतून आम्हाला दोन पाट सरकवले, स्वतः आत सतरंजी ओढून बसले, आणि चहासुद्धा फटीतूनच दिला. जेलमध्ये भेटायला आल्यासारखा मी तो चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या संध्याकाळी मी जायला तयार नव्हतो, पण हिला मजा वाटत होती. ही मूळची पासलीची, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, त्यामुळे कसल्याही माणसाचं तिला नवल वाटत नाही. असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी कडी वाजली. सर म्हणाले, "बाई, या आत."

हिच्यामागून मीही पाय उचलला. सरांनी हात आडवा केला. "तुमी थांबा जरा. पुढच्या आठवड्यात या."

नियम मला तेव्हा माहीत नव्हता. पुढे कळला तेव्हा राग आणखी वाढला.

हेव्याची जी काय कहाणी आहे ती तिथून सुरू झाली. ही रोज शाळेतून आली की तपासायच्या वह्या घेऊन खाली जायची आणि सतरंजीवर बसायची. दोघं तासभर काहीही न बोलता टाकीकडे बघत. मध्येच सर विचारायचे, "बाई, ह्यो पिवळा आज गप गप वाटतोय न्हवं?" आणि ही म्हणायची, "काल त्याला त्या लाल्यानं हुसकलं ना, सर, म्हणून." सर मान हलवायचे. मीही तिथेच बसलेला असायचो. मला कधी कोणी विचारलं नाही. संशय वगैरे म्हणाल तर अजिबात नव्हता; संशय परवडला असता, त्याचं काहीतरी करता येतं. मला फक्त एवढं हवं होतं की सरांनी एकदा, एकदाच, माझ्याकडे वळून विचारावं, "तुमाला काय वाटतं?" त्यासाठी मी मोबाईलवर रॅसांविषयी मिळेल ते वाचून काढलं. जातींची नावं पाठ केली. एकदा न राहवून बोललोही, "सर, हा जो मासा आहे ना, हा मूळचा..." सर म्हणाले, "आसंल. त्यो आता भोरचा हाय."

मग मी स्वतःची टाकी घेतली.

बायकोला सांगितलं नाही, सरांना तर नाहीच. टेम्पो इमारतीसमोर उभा राहिला तेव्हाच सगळ्यांना कळलं. पाणी केलं, पोवळी बसवली, पाणी मुरायला हवं तेवढा धीरही धरला. मग पुण्यातल्या एका दुसऱ्याच दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, पहिला मासा कणखर पाहिजे, हा सिक्सलाइन न्या, काही केल्या मरत नाही." सिक्सलाइनच्या अंगावर सहा आडव्या रेघा असतात, जांभळ्या-केशरी अंगावर निळ्या, आणि तो टाकीभर असा ऐटीत फिरतो की घरातल्या घरात कोणीतरी मोठा साहेब आल्यासारखं वाटतं. मी भाळलो. तो आणला. कौतुकानं सोडला. काही आठवडे सुखाचे गेले, मग त्याला सोबत म्हणून ठिपक्याठिपक्यांचा एक लेपर्ड रॅस आणला. लेपर्ड म्हणजे रॅसांमधला गरीब, वाळूत झोपणारा. सिक्सलाइननं त्याला बघितला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या शेपटीच्या चिंध्या केल्या. लेपर्डनं वाळूत बुडी घेतली ती घेतली, पुन्हा वर आला नाही.

ही खाली गेली आणि सरांना घेऊन आली. माझी परवानगी न घेता. सर माझ्या टाकीसमोर मांडी घालून बसले. मी भाषण ऐकायच्या तयारीत होतो. बराच वेळ बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ह्याला आदी टाकला व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"हां," सर म्हणाले, आणि उठले. पुढचं काही असतं तर भांडता तरी आलं असतं.

सिक्सलाइन हातात येणारा मासा नव्हे. त्याला पकडायचं तर सगळे दगड काढावे लागतात. मी परीक्षेच्या कामासाठी कॉलेजात अडकलो होतो तो दिवस त्या दोघांनी धरला. घरी आलो तर हॉलभर बादल्या, बादल्यांत माझी पोवळी, फरशीवर पाणी, सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हिनं पदर खोचलेला, आणि दोघंही पोट धरून हसतायत. सिक्सलाइन चहाच्या गाळणीत सापडला होता. माझं घर, माझी टाकी, माझी गाळणी, आणि हसण्यात मी नाही! मी तसाच मागे फिरलो आणि बाजारात जाऊन उभ्या उभ्या दोन चहा प्यायलो.

तो सिक्सलाइन सरांनी नेला. त्याच्यासाठी स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी वेगळी छोटी टाकी केली आणि त्याचं नाव "आपले वरचे" ठेवलं. पाहुण्यांना सांगायचे, "ह्यो आपले वरचे. मासा वाईट न्हाई. त्याला घर आदी मिळालं, एवढंच." आणि माझ्याकडे बघून चहा पुढे करायचे.

माझी टाकी पुढे मी विकून टाकली. कोणाला, ते सांगत नाही.

मग सर निवृत्त झाले. भाऊ थकला होता, शेती बघायला माणूस नव्हता, त्यामुळे वरव्याला जाऊन राहायचं ठरलं. गावच्या घरात एवढी टाकी चालवणं शक्य नव्हतं. भोरात कुजबुज सुरू झाली, टाकी कोणाला मिळणार? हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं गल्ल्यामागे ठेवायला मागितली. फिजिक्सचे सर हळूच येऊन माप घेऊन गेले. मी मागायला गेलो नाही. मला वाटलं, इतकी वर्षं सतरंजीवर गप्प बसून मी जे काही कमावलं, त्याचा आता निकाल लागणार. मी आमच्या हॉलमधला सोफासुद्धा मनातल्या मनात हलवून ठेवला.

एका रविवारी सरांनी आम्हा दोघांना बोलावलं. चहा केला. आणि म्हणाले, "बाई, टाकी तुमची. तुमी सांभाळाल."

मी जरा खाकरलो. सरांना मी तिथे असल्याची आठवण झाली असावी. म्हणाले, "तुमी बादल्या उचला. बाईंची पाठ दुकती."

म्हणजे टाकी आली ती आमच्याच घरात. हॉलमध्ये, सोफ्याच्या जागी. पण ती हिची. पाणी बदलायचं असलं की मी बादल्या वाहतो, मीठ ही मोजते. पाहुणे येतात, टाकीसमोर बसतात आणि हिला प्रश्न विचारतात. मला म्हणतात, "जरा सरकता का, दिसत नाही." रोज संध्याकाळी वरव्याहून हिच्या मोबाईलवर फोन येतो. कोणी खाल्लं, कोण लपलं, कोणाची शेपटी कशी आहे. फोन स्पीकरवर असतो, मी शेजारी भाजी निवडत असतो. सर शेवटी विचारतात, "ते बरे हायेत न्हवं?" आणि ही म्हणते, "हो, हे काय, भाजी निवडतायत."

यंदा दिवाळीच्या जरा आधी टाकीतला फेअरी रॅस मेला. फेअरी म्हणजे त्या टाकीचा राजाच. लालभडक, पंख पसरले की आख्खी टाकी उजळायची. म्हातारा होऊन मेला, कोणाचा दोष नव्हता. ही रडली. सरांनी फोनवर तो कधीपासून खात नव्हता ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "बाई, त्याच्या तीन माद्या हायत. त्यांतली एक आता नर व्हईल. रंग बदलंल, पंख ताठ करंल, बाकीच्या दोघींना घुमवंल. रॅसांत हे चालतं. बघत ऱ्हा कोन पुढं येतीय."

मला हे वाचून माहीत होतं, पण मला कोणी विचारलं नव्हतं.

झालं, रोजच्या फोनला विषय मिळाला. सरांचं म्हणणं, सगळ्यात मोठी आहे तीच फिरणार. हिचं म्हणणं, मधली, कारण खाण्यावर पहिली झडप तिची असते. दोघं हट्टाला पेटली. मुलगी कोणत्या घरात द्यायची यावरही इतका खल होत नसेल. मी एकदा मटार सोलता सोलता म्हटलं, "आणि ती तिसरी?" तिसरी म्हणजे सगळ्यात लहान, शेपटीला जुनी खाच असलेली, पंपामागे राहणारी. ही हसली. फोनमधून सरही हसले. "तिचं काय न्हाई," सर म्हणाले.

मग दिवाळीची सुट्टी लागली. पासलीला भाताची काढणी होती, ही भावाकडे गेली, भाऊबीज करूनच येणार म्हणाली. जाताना मला माशांचं खाणं, पाणी, दिवे, सगळं समजावून गेली. जणू मी बाहेरून आलेलो होतो.

पासलीला मोबाईलला रेंज धड नसते. त्यामुळे घर गप्प, फोन गप्प. संध्याकाळी मी टाकीसमोर एकटाच सतरंजीवर बसायला लागलो. आमच्या हॉलमध्ये आता सरांचीच ती सतरंजी आहे. पहिले दोन दिवस काही दिसलं नाही. मोठी आपली गोल गोल फिरायची, मधली खाण्यावर तुटून पडायची. मग एका संध्याकाळी पंपामागून ती तिसरी बाहेर आली. थेट टाकीच्या मध्यावर आली आणि तिनं पाठीवरचा पंख असा ताठ उभा केला की मी हातातला चहा खाली ठेवला. मोठी बाजूला झाली. मधली खाणं सोडून खाली उतरली. ती तिसरी दोघींभोवती एकदा फिरली, पुन्हा फिरली. दुसऱ्या दिवशी तिच्या पंखाची कड लालसर वाटली. त्याच्या पुढच्या दिवशी वाटण्याचा प्रश्न उरला नाही. खाच असलेली शेपटीसुद्धा लाल होत चालली होती. सर चुकले होते. ही चुकली होती. आणि ते घडताना समोर बसलो होतो मी, एकटा.

त्याच संध्याकाळी माझ्या मोबाईलवर सरांचं नाव दिसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"बाईंचा फोन लागत न्हाई," सर म्हणाले.

"पासलीला आहे ती. रेंज नाही."

"आसं व्हय." मग म्हणाले, "टाकीत काय दिसतंय का? माद्यांचं?"

मी काचेकडे बघितलं. ती माझ्यासमोरच होती. सांगायचं म्हटलं तर सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, पंखापासून शेपटीपर्यंत.

"नाही सर," मी म्हटलं. "विशेष काही नाही."

"बरं. बाई आल्या की फोन करायला सांगा," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

ही परवा येईल. दारातूनच तिला दिसेल, चप्पल काढायच्या आधी वरव्याला फोन जाईल, आणि मग दोघं मिळून ते पुन्हा पहिल्यापासून शोधून काढतील. काढोत. त्या संध्याकाळी मी सतरंजीवर बसून राहिलो, ती लाल होत राहिली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला सरांचा हेवा वाटला नाही. त्यांना माझा नक्की वाटला असता. पण त्यासाठी त्यांना हे सांगावं लागलं असतं, आणि ते काही माझ्यानं झालं नाही.